आखडलेली माय

१

"ही ती नव्हे," आजी म्हणाल्या आणि हातातली मातीची मूर्ती त्यांनी लोकरीच्या कापडावर अलगद ठेवली.

कलासंग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या सभागृहात लांब टेबलाभोवती अकरा जण बसले होते. अकराही जणांना दिसत नव्हतं. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी ही मंडळी यायची, अंगठ्या, घड्याळं, बांगड्या काढून एका परडीत ठेवायची, हात धुऊन कोरडे करायची आणि मग एरवी काचेआड बसणाऱ्या सहा वस्तू त्यांच्या हातांतून फिरायच्या. एकाच दिशेने, बिलकूल घाई न करता. या दिवसाचं 'स्पर्शवार' हे नाव ताईने ठेवलेलं.

ताई म्हणजे संग्रहालयाचा कार्यक्रम विभाग. विभाग म्हटलं की दहा-बारा माणसं डोळ्यांपुढे येतात, पण इथे ती एकटीच होती. दिमतीला दोन माइक, त्यातला एक चालणारा, आणि दोनशे घडीच्या खुर्च्या. व्याख्यान असो की मुलांची कार्यशाळा, पाहुण्यांचं स्वागत करणारी तीच आणि ते गेल्यावर खुर्च्या मिटणारीही तीच. स्पर्शवारासाठी तिने चार वर्षांपूर्वी विश्वस्तांच्या इतक्या विनवण्या केल्या होत्या, की शेवटी त्यांनी कंटाळून होकार दिला. अट मात्र घातली. एकाही वस्तूला इजा झाली, तर कार्यक्रम त्याच दिवसापासून बंद.

"आजी, तीच आहे हो," ताई म्हणाली. "लेकराला कडेवर घेतलेली माय. तळाला नंबरसुद्धा तोच आहे."

"नंबर तुला दिसतो बाई. मला ती लहान झालेली लागते." आजींनी मूर्ती पुन्हा उचलली. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन कचेरीत काढली होती आणि बोलताना त्या अजून पलीकडचा माणूस फोनवर असल्यासारख्या थांबत. "पाठीवर हा खळगा आहे ना, घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा? त्यात माझा अंगठा बसतो. चार वर्षं बसतोय. आज बसत नाही."

"बोटं सुजली असतील. हवा बदलली की होतं तसं."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि ताईला ते लगेच टोचलं. आजींनी मूर्ती पुढच्या माणसाकडे दिली. तो निवृत्त शिक्षक होता. त्यानेही तिच्यावरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाला, "आजींचं बरोबर आहे. आखडलीये ही."

ताईने उगीच मन शांत करायला मूर्तीची पेटी ओढली. आत स्पंजमध्ये मूर्तीच्या आकाराची खोबण कापलेली होती. त्यात मूर्ती इतकी घट्ट बसायची, की काढताना दोन बोटं आत घालावी लागत. ताईने मूर्ती खोबणीत ठेवली, झाकण लावलं आणि पेटी हलवली.

मूर्ती आत खुळखुळली.

२

संचालकसाहेब पाचव्या मिनिटाला खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला एक वर्ष उरलेल्या माणसाला असते तशी त्यांना प्रत्येक गोष्टीची धास्ती असे. त्यांनी अक्कांना बोलावून घेतलं.

अक्का संग्रहालयाच्या जतनकार. फाटलेली, पोपडे गेलेली जुनी चित्रं त्या बऱ्या करायच्या. मूर्तींचा जाणकार दोन वर्षांपूर्वी सोडून गेल्यापासून मूर्तींचं कोठारही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. दर स्पर्शवारी त्या सभागृहाच्या दारात हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. कधी एकदा काहीतरी फुटतं याची त्या वाट बघतात, असं ताईचं ठाम मत होतं.

आज अक्का आत आल्या, मूर्ती हातात न घेताच तिच्याजवळ पट्टी धरली आणि म्हणाल्या, "मापात फरक आहे." एवढंच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे नक्कल," साहेब म्हणाले. त्यांनी ताईला बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला घेतला नाही. "हे व्हायचंच होतं. टेबलाभोवती अकरा जण, सगळ्यांचे हात वस्तूंवर आणि लक्ष ठेवायला तू एकटी. आज नाहीतर गेल्या महिन्यात, इथेच बदलली मूर्ती."

"साहेब, त्यांनीच बदलली असती तर त्यांनीच कशाला बोंब मारली असती?"

"एक बोंब मारतो आणि दुसरा साळसूद बसतो, असंही असतं. त्यांच्या पिशव्या तपासाव्या लागतील. आणि स्पर्शवार आजपासून बंद."

"असं मला वाटत नाही," अक्का मध्येच म्हणाल्या. "त्यांनी घेतली असं मला नाही वाटत." आणि कुणी काही विचारायच्या आत त्या वळून निघून गेल्या.

टेबलाभोवती सगळ्यांनी ते ऐकलं. ज्यांना दिसत नाही अशा माणसांपुढे लोक हळू बोलायचं विसरतात, हे त्या अकराही जणांना पाठ होतं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही माणसं दोन-दोन बस बदलून वेळेवर येतात, जाताना प्रत्येक वस्तूचे आभार मानतात, आणि आपण त्यांना चोर ठरवून घरी पाठवणार?

"त्यांची परतीची बस एक वाजता आहे," ती म्हणाली. "तोवर थांबा. एक तास द्या मला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजायला दोन मिनिटं कमी होती. "एकच्या ठोक्याला मी पिशव्या उघडायला सांगणार," ते म्हणाले.

३

कोठारातून पेट्या आणायचं आणि परत न्यायचं काम पहारेकरी काकांचं होतं. ते दाराशी स्टुलावर बसले होते. ताईला पाहून उठले.

"काका, खरं सांगा. आज पेटी आणताना काही वेगळं वाटलं?"

"वाजत होती ना!" काका म्हणाले. "जिन्यावर प्रत्येक पायरीला टुक टुक. म्हणून तर मी नवरीसारखा उतरलो."

"आणि गेल्या महिन्यात परत नेली तेव्हा?"

"तेव्हा गपगार होती. स्वतः फळीवर ठेवली मी, आणि कोठाराची किल्ली अक्कांच्या हातात दिली."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी? मला वाटलं स्पंज बदलला असेल. आणि साहेबांना आपणहून काही सांगायला गेलं, की माझाच जबाब सुरू होतो."

ताईच्या जिवात जीव आला. मूर्ती टेबलावर बदललीच नव्हती. गेल्या स्पर्शवारी खरी माय कोठारात परत गेली होती आणि या महिन्याभरात तिथे तिच्या जागी दुसरी बसली होती. पण हे काकांच्या शब्दावर होतं, आणि पेट्या वाहणाऱ्या माणसाचा शब्द साहेब कितीसा मानणार? दुसरा पुरावा हवा होता.

मागच्या अंगणाकडच्या खोलीत साचेकार मामा बसत. विक्रीच्या दुकानासाठी ते प्लास्टरच्या प्रतिकृती करत आणि ताईच्या मुलांच्या कार्यशाळांमध्ये मातीकाम शिकवत. हे घडवू शकेल असा माणूस इमारतीत एकच होता आणि तो हाच. ताईने नक्कल त्यांच्यापुढे ठेवली.

मामांनी ती नखाने टिचकून पाहिली, तळ हुंगला आणि एकदम भडकले. "हे माझं काम आहे असं म्हणायला आलीस?"

"मी काहीच म्हटलं नाही मामा."

"तुझा चेहरा म्हणतोय! अगं, माती वाळताना आखडते, भट्टीत आणखी आखडते. पक्क्या मूर्तीवरून साचा काढून त्यात माती दाबलीस, तर भाजून निघणारी मूर्ती लहानच होणार. मी करायचं म्हटलं तर साचाच मुळात मोठा धरतो. मातीत हात घातलेल्याला हे पहिल्या आठवड्यात कळतं. ज्याने हे केलं त्याला मातीतलं ओ की ठो कळत नाही. माझ्या हातून असलं काही गेलं, तर नाक कापून घ्यायला लागेल मला."

"पण साचा कशावरून काढला असेल?"

मामा थबकले. मग उठून त्यांनी कपाटावरून त्याच मायची प्लास्टरची प्रतिकृती काढली. मुलांना दाखवायला ती नेहमी तिथेच असायची. "हिच्या अंगावर साबण सापडला मला," ते हळूच म्हणाले. "साचा सुटावा म्हणून लावतात तसा. मला वाटलं, पोरांपैकी कुणीतरी हिला आंघोळ घातली."

"कधी?"

"तुझी मातीकामाची कार्यशाळा झाली त्या रविवारी. गेल्या स्पर्शवाराच्या दुसऱ्याच दिवशी. आणि आणखी एक. मुलं होती चोवीस. वाळायच्या फळीवर वस्तू झाल्या पंचवीस. एक ओल्या फडक्यात गुंडाळलेली. एखाद्याने दोन केल्या असतील म्हणून मी नीट न बघताच सगळ्या एकदम भट्टीत लावल्या. भट्टी उघडल्यावर मोजल्या तर चोवीस. कुणीतरी ती आधीच उचलून नेली होती."

म्हणजे नक्कल बाहेरून आलीच नव्हती. ती ताईच्याच कार्यक्रमात, मुलांच्या हत्ती-मांजरांच्या रांगेत बसून भाजली गेली होती.

४

साडेबारा झाले होते. ताई मागच्या पायऱ्यांवर नक्कल मांडीवर घेऊन बसली.

कोठारात जाऊ शकणारी माणसं तीन. काका, मामा आणि अक्का. मामांना माती कळते, म्हणून ते नव्हेत. काकांना साचा, साबण, भट्टी यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. उरल्या अक्का. पण अक्कांनी मूर्ती का चोरावी? त्यांना विकायची असती, तर वर्षानुवर्षं त्यांच्या एकटीच्या ताब्यात असलेली लाखमोलाची चित्रं होतीच की. आणि निव्वळ उरलं म्हणून एखाद्या माणसावर आळ घ्यायचा, हे तर साहेबांनी केलं तेच झालं.

तिने नक्कल उन्हात फिरवली. एक गोष्ट मघापासून तिला खुपत होती आणि आता ती काय आहे ते लक्षात आलं. मूर्ती रंगवलेली होती, आणि ती कशी! मायच्या खांद्यावरचा काळपट डाग, लेकराच्या डोक्यावरची धुरकट छटा, तळाचा पुसट नंबर, सगळं जिथल्या तिथे. ज्यांना दिसत नाही त्यांच्या हातात द्यायच्या वस्तूवर कुणीतरी रात्रंदिवस खपून रंग चढवला होता, आणि माप मात्र चुकवलं होतं. या माणसाने मूर्तीकडे फक्त डोळ्यांनी पाहिलं होतं. आयुष्यभर त्याने सगळंच डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

कार्यशाळेच्या सामानात भिंग होतं. ताईने ते आणून खांद्यावरच्या डागावर धरलं.

तो डाग नव्हताच. त्या केसाहून बारीक उभ्या रेघा होत्या, एकीला लागून एक, शेकडो. हातभर अंतरावरून त्यांचा एक डाग व्हायचा. भिंगाखाली प्रत्येक रेघ आपण नवी आहोत असं सरळ सांगत होती.

ताईने हे कुठे ऐकलं होतं? ऐकलं तर होतं, आणि एकदा नव्हे, तीनदा. 'आजारी चित्रं बरी करताना' हे व्याख्यान तिनेच तीन वर्षं लावलं होतं. चाळीस खुर्च्या मांडायची, सतरा माणसं यायची, आणि ती स्वतः शेवटच्या रांगेत, माइक बंद पडलाच तर धावायला तयार. व्याख्यानातलं एक वाक्य दरवर्षी तेच असायचं. "मी भरलेला रंग लांबून मिसळून जायला हवा, पण जवळ आलेल्याला तो वेगळा कळायलाच हवा. म्हणून आम्ही बारीक उभ्या रेघा मारतो. तसं केलं नाही, तर ती दुरुस्ती राहत नाही, ती फसवणूक होते."

नक्कल करणाऱ्याने नक्कल करतानाही फसवायचं नाकारलं होतं. हा हात एकाच माणसाचा असू शकत होता, आणि तो हात मूर्ती चोरणारा खासच नव्हता.

ताई धावत सुटली.

५

अक्का आपल्या खोलीत खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. समोर कापसाने भरलेला एक खण उघडा होता आणि त्यात खरी माय निजली होती.

"पिशव्या तपासणार म्हणाले, तेव्हापासून मी या खुर्चीवरून उठायचा प्रयत्न करतेय," अक्का म्हणाल्या. "पाय उचलत नाहीत."

ताईने वाकून पाहिलं. मायच्या मानेपासून लेकराच्या डोक्यापर्यंत एक तडा गेला होता.

"गेल्या स्पर्शवारानंतर दिसला," अक्का म्हणाल्या. "हातांमुळे गेला की जुनी माती आपसूक सुटली, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण अट तुला माहीत आहे. मी नोंद केली असती, तर तुझा स्पर्शवार त्याच दिवशी संपला असता."

"आणि तो संपू नये असं तुम्हाला वाटत होतं?" ताई बघतच राहिली. "तुम्ही तर दारात उभ्या राहून..."

"वस्तूंकडे बघायचे असं वाटलं तुला? अगं, मी माणसांकडे बघायचे. तीस वर्षं मी चित्रं बरी करतेय. बघणारे चार सेकंद उभे राहतात आणि पुढे सरकतात. ही माणसं एका मूर्तीपाशी पंधरा मिनिटं थांबतात. इतक्या मायेने कुणी वस्तूला भेटायला येतं, हे मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही." त्यांनी खणातला कापूस सारखा केला. "प्लास्टरची दिली असती तर गार लागली असती, लगेच कळलं असतं. म्हणून मातीची केली. माती आखडते हे मला ठाऊक नव्हतं. मी चित्रांची माणूस. आणि... आणि त्यांना कळणार नाही असं मला वाटलं."

ताईला त्यांची कणव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. "अक्का, तुम्ही त्यांना खोटी माय दिलीत आणि मी वर म्हटलं, तुमची बोटं सुजलीत. आपण दोघींनी मिळून त्या बाईला तिच्याच हातांवर संशय घ्यायला लावला."

अक्कांनी मान खाली घातली. भिंतीवरचं घड्याळ एकला तीन मिनिटं कमी दाखवत होतं.

"आता खरं सांगितलं तरी स्पर्शवार बंद होणार," त्या म्हणाल्या.

"होऊ दे," ताई म्हणाली. चार वर्षांत तिने याहून प्रिय असं काही केलं नव्हतं. "चोर म्हणून घरी जाण्यापेक्षा ते बरं. चला, मी धरते हात."

६

सभागृहात साहेबांना काही सांगावंच लागलं नव्हतं. अकराही पिशव्या टेबलावर रांगेत उघड्या ठेवलेल्या होत्या. पहिली आजींची होती. त्यात पाण्याची बाटली, घडी केलेली शाल आणि रेडिओचे सेल दिसत होते. साहेब त्या रांगेपुढे उभे होते आणि त्यांचा हात एकाही पिशवीकडे जात नव्हता.

अक्कांनी कापसाचा खण टेबलावर ठेवला.

"मी कोठाराची जतनकार," त्या म्हणाल्या. "मूर्ती मी बदलली. खरीला तडा गेलाय. तो कळला तर हे सगळं बंद होईल, म्हणून मी नक्कल केली. तुम्हाला ओळखता येणार नाही असं मी गृहीत धरलं. ते मी तुमच्याबद्दल फार वाईट धरलं. मला माफ करा."

साहेब खुर्चीवर बसले.

मग शिक्षक म्हणाले, "तडा कुठे आहे?"

अक्कांनी सांगितलं. मानेपासून सुरू होतो, डावीकडून खाली उतरतो, लेकराच्या कानाशी थांबतो. रुंदी केसाएवढी. त्या सांगत गेल्या आणि अकरा माणसं एखाद्या घरच्या माणसाचं दुखणं ऐकावं तशी ऐकत गेली. कुणीतरी विचारलं, वाढतोय का? अक्का म्हणाल्या, थोडा वाढलाय, खोटं नाही सांगत.

"तडा गेलाय एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं," आजी म्हणाल्या. "आम्ही काय हट्ट धरला असता?"

अक्कांनी खण आजींपुढे सरकवला, स्वतःच्या हाताने आजींचं मधलं बोट धरलं आणि मायच्या खांद्यावर, तड्याच्या अलीकडे टेकवलं. साहेब अर्धवट उठले, पण ताईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते पुन्हा बसले.

आजींचं बोट खांद्यावर क्षणभर थांबलं. ते पुढे सरकलं नाही. चार वर्षं दर महिन्याला दिवस मोजून जिला भेटायला त्या यायच्या, ती बोटाखाली होती, आणि पुढे जायला त्यांना कुणीही अडवलं नसतं. आजींनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"हीच ती," त्या म्हणाल्या. "आता तिला निजू द्या. आणि आमच्यापैकी कुणाच्याही हातात पुन्हा देऊ नका. बरी झाली की कळवा."

टेबलाभोवती एकानेही 'मला एकदा' म्हटलं नाही. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

साहेबांनी एकेक पिशवी स्वतः बंद केली आणि ज्याची त्याच्या हातात दिली. प्रत्येकाला ते काहीतरी पुटपुटले. ते बहुधा 'माफ करा' असावं. मग ते अक्कांच्या समोर येऊन उभे राहिले.

"अहवाल तुम्ही लिहायचा. तडा, नक्कल, पिशव्या, सगळं. आजींनी हात मागे घेतला तेही लिहा. ती अट मी विश्वस्तांपुढे नव्याने ठेवतो. इतके जपणारे हात आपल्याकडे पगारावर नाहीत, असं मी त्यांना सांगेन." त्यांनी घसा साफ केला. "बरं, पुढच्या तिसऱ्या शनिवारी टेबलावर काय काय ठेवायचं?"

अक्का टेबलाकडे वळल्या.

"त्यांना विचारू या," त्या म्हणाल्या.